मी पळालो नव्हतो

मुंबई राज्य होते त्या काळातली ती सकाळ. मुरबाडकडच्या वैशाखऱ्याच्या फाट्यावर बाप आणि मी एसटीची वाट पाहत उभे होतो. गाडी आली तेव्हा त्याने माझे बोचके वर दिले आणि खिडकीशी येऊन म्हणाला, "जा रे. मागं बगू नको. इथं काय सांगायचं ते मी सांगन."

वाडीतले आणि वाडी सोडून कल्याण-मुंबईला गेलेले आजवर सांगतात ते वेगळेच. गवताच्या वखारीतली शेटची माणसे मागे लागली, त्यांच्यापुढे मी मुरबाडपर्यंत धावलो आणि तिथूनच धावपटू झालो, म्हणे. साफ खोटे. मी तिकीट काढून, बाकावर बसून गेलो.

"पळाला" हा शब्द माझ्या बापाचाच. आमचे झोपडे शेटच्या जागेवर, अख्खे घर त्यांच्या वखारीत गवत बांधायला. कामाचा पोरगा बापानेच धाडला असे शेटला कळते, तर आमचे छप्परच गेले असते. म्हणून तो हात जोडून म्हणाला, "पोरगा पळाला, शेट. आमाला इचारलं पन नाय."

इकडे मी मुंबईच्या गोदीत कामाला लागलो. गोदी खात्याच्या खेळाडूंचे कोच भेटले, पायांत धावायचे खिळ्यांचे बूट, स्पाइक्स, आले. महाराष्ट्र झाल्यावर दहा हजार मीटरमध्ये राज्याचा विजेता ठरलो. गुडघ्याने साथ दिली तोवर तो मान दुसऱ्या कोणाला मिळू दिला नाही.

मग मुरबाडला सत्कार झाला. अध्यक्ष शेटच. मला हार घालून म्हणाले, "याचा बाप माझ्यापुढं रडला होता, पोरगा पळाला म्हणून. तो बघा, अजून पळतोच आहे." मंडप हसला. मागे जमिनीवर बसलेला बाप सर्वांत मोठ्याने हसला. मी माइककडे सरकलो, तर त्याने बसल्या जागेवरून हळूच मान हलवली: नाय. झोपडे अजून शेटच्याच जागेवर होते. मी सर्वांचे आभार मानले आणि खाली बसलो. पदके पुसताना आजही तो हशा ऐकू येतो आणि माझी मान खाली जाते.

आता बाप नाही, झोपडे नाही, वखारही नाही. म्हणून ठणकावून लिहितो: मला बापाने पाठवले. पळपुट्याचा बाप हे नाव त्याने जन्मभर हसून वागवले.

घर कुठले, असे कोणी विचारले की मी वैशाखऱ्याचा फाटा सांगतो. गाडी वळणाआड जाईपर्यंत तो तिथे उभा होता. हे मला ठाऊक आहे, कारण त्याने बजावूनही मी मागे पाहिले होते.