छत्रीच्या आठ फांद्या

दुपारी दोन चाळीसला फांदीबाई स्टुलावर उभं राहून मुलांचे कागद भिंतीला चिकटवत होत्या. हे नाव मुलांनीच ठेवलेलं. डिझाइनच्या तासाला त्या माइंड मॅप काढायला शिकवतात: कागदाच्या मधोमध वस्तू, भोवती फांद्या, प्रत्येक फांदीवर एक विचार. शाळेत येण्याआधी त्या फर्निचरच्या कारखान्यात आराखडे काढायच्या. साहेब सांगेल तेच काढायचं, स्वतःचं डोकं दाराबाहेर ठेवून यायचं. मुलांचं तसं होऊ नये म्हणून त्यांनी हा तास भांडून मिळवला. तो राहणार की गणिताला जाणार, हे मुख्याध्यापिका उद्या ही भिंत बघून ठरवणार होत्या.

खेळाचे सर स्टूल मागायला आले आणि भिंतीपुढे थबकले.

"बाई, टूथब्रशला पाऊस कशाला?"

"काय?"

"हे काय! टूथब्रश, फांदी पाऊस. डबा, पाऊस. उशीलासुद्धा पाऊस. छप्पर गळतंय का तुमच्या वर्गाचं?"

फांदीबाई हसत खाली उतरल्या. दोन पावलं मागे सरकल्या आणि हसू गेलं. प्रत्येक कागदावर त्याच आठ फांद्या. दांडा, कापड, पाऊस, ऊन, वारा, घडी, रंग, विसरणे. टूथब्रशला घडी होती. उशीला दांडा होता.

फळ्याच्या कोपऱ्यात त्यांनी नमुना म्हणून काढलेली छत्री, याच आठ फांद्यांची, वर्षभर तशीच होती. भोवती चौकट, खाली सूचना: 'पुसू नये'.

मदतीला थांबलेली, वर्गातली सगळ्यात हुशार मुलगी कात्री धरून उभी होती.

"उशीला दांडा का गं?"

"छत्रीला आहे ना, बाई."

"पण तुझी वस्तू उशी होती!"

"मी आधी तीनच काढल्या होत्या. आजोबा घोरतात, कूस बदलतात, मान दुखते. तुम्ही म्हणालात, बाकीच्या पाच कुठे गेल्या?"

बाईंना ते वाक्य आठवलं, आवाजासकट. फाडलेली चिकटपट्टी बोटांना गुंडाळली गेली होती, ती त्यांना सोडवता येईना.

"मग कुणीच कसं बोललं नाही मला?"

"वेगळं काढलं की तुम्ही छान म्हणता. भिंतीवर मात्र आठ फांद्यांचंच लावता."

"तो तीनवाला कागद कुठाय?"

"फाडला."

सरांची थट्टा थंडावली. "अर्धे उतरवू का, बाई? उद्या मोठ्या बाईंनी हे बघितलं तर तास गेलाच म्हणून समजा."

फांदीबाई मुलांच्या बुटक्या बाकावर बसल्या. 

"कारखान्यातला साहेब निदान पगार तरी देत होता," त्या म्हणाल्या. मग उठून उरलेले कागदही चिकटवले. एकही उतरवू दिला नाही. फळ्यावरची छत्री पुसायला ओलं फडकं लागलं. वर्षभराचा खडू कोरड्याने निघेना.

मुख्याध्यापिका उद्या पहिल्या तासाला, आठ वाजून दहा मिनिटांनी येतील. तेव्हा भिंतीवर सगळ्या छत्र्या असतील, फळा रिकामा असेल आणि प्रत्येक मुलापुढे एक कोरा कागद.