नांदेडला न आलेलं विमान

माझ्या लेकीला दिल्लीच्या एका मेडिकल कॉलेजात जागा मिळाली. यादी लागली संध्याकाळी, आणि तिथं हजर व्हायची मुदत होती परवा दुपारी बारापर्यंत. नांदेडहून सकाळी सुटणारी रेल्वे दुसऱ्या दिवशी दुपारी दिल्लीला पोचते, म्हणजे मुदत टळून गेल्यावर. दोन वर्षं लातूरच्या क्लासमध्ये घासलेली पोर, आणि एका गाडीच्या वेळेपायी जागा जायची. शेजारच्या मुलानं मोबाईलवर शोधून सांगितलं, उद्या दुपारी नांदेडहून दिल्लीचं विमान आहे. माझे मिस्टर तेव्हा बदलीच्या गावी, लांब विदर्भात होते. मी दोन तिकिटं काढायला सांगितली.

"तीन काढा," अण्णा आतून म्हणाले. "कागदं माझ्याजवळ राहतील."

अण्णा म्हणजे माझे वडील. गावच्या शाळेत शिपाई होते. भूकंप झाला तेव्हा मी लातूरला डी.एड.च्या वसतिगृहात होते. अण्णा त्या रात्री शाळेच्या राखणीला ओट्यावर झोपले होते म्हणून वाचले. आई घरात होती. पुढे पत्र्याच्या शेडमध्ये राहत असताना एक माणूस फाईल घेऊन आला. म्हणाला, मयतांची नोंद करायची आहे, फोटो लागेल. आईचा एकच फोटो होता, मातीतून काढलेला. अण्णांनी तो दिला. तो माणूस कुठल्या खात्याचा, कुठल्या संस्थेचा, कोणालाच सांगता आलं नाही. तो परत आला नाही, फोटोही नाही. तेव्हापासून अण्णांनी कोणाच्या हातात कागद दिला नाही. बँकेत गेले तरी पासबुकाचं एक टोक ते स्वतः धरून ठेवायचे.

खरं सांगायचं तर मीही काही भोळी राहिले नव्हते. आम्ही राहतो ते लातूर शहरच तसं झालं होतं. गल्लीतल्या घराघरावर मजले चढले, त्यात बाहेरगावची पोरं खोल्या घेऊन राहू लागली, आणि निकालाचे दिवस आले की इस्त्रीचे कपडे घातलेले गृहस्थ दारात यायचे. 'तुमच्या मुलीला किती मार्क? कर्नाटकात एक जागा आहे, बोलू का?' शेजारचं एक कुटुंब अशा माणसाबरोबर बेळगावपर्यंत जाऊन आलं होतं आणि त्या कॉलेजच्या गेटच्या आतही गेलं नव्हतं.

सकाळी जीपनं नांदेडला पोचलो. विमानतळ मी पहिल्यांदाच बघत होते. इमारत आमच्या तालुक्याच्या नव्या बसस्टँडएवढी, पण स्वच्छ, आणि सगळीकडे शांत. गुरुद्वाऱ्याचं दर्शन घेऊन परतणारी पन्नास-साठ पंजाबी माणसं तेवढी बाहेर सामानावर बसली होती.

"एवढं सामसूम कसं?" अण्णा म्हणाले. "विमान येतंय का खरंच?"

दारावरच्या पोलिसानं ओळखपत्र मागितलं. अण्णांनी मतदान कार्ड काढलं आणि त्याच्या डोळ्यांसमोर धरलं.

"काका, हातात द्या."

"इथूनच वाचा. अक्षर मोठं हाय."

पोलीस माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं, "साहेब, त्यांची सवय आहे." मागं रांग वाढत होती. शेवटी त्यानं मान वाकवून कार्ड वाचलं आणि आम्हाला आत सोडलं.

काउंटरवरच्या मुलीनं कपड्यांची बॅग पट्ट्यावर ठेवायला सांगितली. अण्णांनी विचारलं, ती कुठं जाणार, कोण नेणार, दिल्लीला कोण देणार. त्या मुलीनं न कंटाळता सांगितलं. बॅगेला चिकटवलेल्या चिठ्ठीचा नंबर आणि आम्हाला दिलेल्या चिठ्ठीचा नंबर अण्णांनी आकडा आकडा लावून बघितला, आणि मगच बॅग सोडली.

खरी अडचण तपासणीत आली. लेकीची सगळी मूळ कागदपत्रं, दहावीपासूनची, एका रेक्झिनच्या पिशवीत होती आणि ती पिशवी अण्णांनी सदऱ्याच्या आत गळ्यात अडकवली होती. तिथला शिपाई म्हणाला, पिशवी मशीनमधून जाईल. अण्णा म्हणाले, "मी पण जातो मंग त्यातून."

लेकीनं त्यांचा हात धरला. "आजोबा, मी पलीकडे जाऊन उभी राहते. पिशवी बाहेर आली की मीच उचलते."

ती आधी गेली, पलीकडे उभी राहिली, तेव्हा कुठे अण्णांनी पिशवी ठेवली. तेवढ्यात त्यांच्या खिशातून अडकित्ता निघाला. तो नेता येणार नाही म्हणून शिपायानं डब्यात टाकला. अण्णांचं तिकडे लक्षच नव्हतं. पिशवी लेकीच्या हातात दिसेपर्यंत त्यांनी मशीनवरची नजर काढली नाही.

आतल्या हॉलमध्ये आमच्या शेजारी पन्नाशीचा एक गृहस्थ येऊन बसला. पांढरा शर्ट, चामड्याची बॅग, दोन मोबाईल. थोड्या वेळानं त्यानं लेकीला विचारलं, "ॲडमिशनला चाललात का बाळ? लातूरची का?"

लेक हो म्हणाली.

"किती स्कोअर?" तिनं सांगितला. "कुठलं कॉलेज?" तेही सांगितलं.

"कागदपत्रं सगळी आहेत ना? तिथं फार बारीक बघतात."

प्रश्न तेच होते, दारात येणाऱ्या माणसांचे. मी लेकीला खुणेनं माझ्या या बाजूला बसवलं आणि विचारलं, "आपण काय करता?"

"कॉलेजच्याच कामात असतो," तो म्हणाला. कुठल्या, ते बोलला नाही. मीही पुढं विचारलं नाही. अण्णांनी गळ्यातली पिशवी काढली आणि मांडीखाली घेऊन तिच्यावर बसले.

एक वाजता विमान यायचं होतं. दीड झाला. खिडकीतून लांबलचक रिकामी धावपट्टी दिसत होती आणि तिच्या कडेनं एक माणूस सायकलवर जात होता. दोन वाजता कंपनीचे दोन कर्मचारी आले आणि म्हणाले, तांत्रिक अडचणीमुळे विमान आज येणार नाही. उद्या दुपारच्या विमानात सगळ्यांना जागा मिळेल, फक्त या फॉर्मवर सही करा.

उद्या दुपारी म्हणजे आमचं सगळं संपलं. लोक वैतागून, बडबड करत, पण रांगेत उभे राहून सह्या करू लागले. मीही पेन हातात घेतलं.

"थांब," अण्णा म्हणाले. "काय लिहिलंय त्यात?"

"अण्णा, सगळे करून राहिलेत."

"करू दे त्यायला. काय लिहिलंय?"

फॉर्म इंग्रजीत होता. लेकीनं वाचला, परत वाचला, आणि म्हणाली, "यात लिहिलंय की मी माझ्या इच्छेनं आजचा प्रवास पुढं ढकलत आहे."

अण्णा कर्मचाऱ्याकडे वळले. "माझी इच्छा तुमाला कोनी सांगितली?"

"काका, नुसता फॉर्म आहे. फॉर्मॅलिटी."

"मंग असं लिहा, विमान तुमचं आलं न्हाई. त्याच्यावर करतो सही."

तो तरुण हसला, मग चिडला. मागचे लोक कुरकुरले, म्हाताऱ्याला आवरा म्हणाले. मला लाज वाटत होती. त्या लाजेत मी सही करून मोकळी झाले असते, हे मला आजही कबूल करावं लागतं. तेवढ्यात तो पांढऱ्या शर्टवाला पुढं आला, फॉर्म हातात घेऊन वाचला आणि म्हणाला, "बाबा बरोबर बोलतायत. यावर सही केली तर जबाबदारी यांची राहत नाही. सही नको. दुसरी सोय मागा. हैदराबादहून रात्री दिल्लीचं विमान असतं, तिथवर गाडी द्यायला लावा."

अण्णांनी त्याचे आभार मानले नाहीत. मला बाजूला घेऊन म्हणाले, "ह्याला एवढं कसं ठावं?"

तरी आम्ही तेच मागितलं. मॅनेजर आला. पोरीची मुदत मी सांगितली, मोबाईलवर कॉलेजचं पत्र दाखवलं. अण्णा परत खुर्चीवर जाऊन बसले ते हलले नाहीत. सह्या केलेले लोक हॉटेलच्या बसमध्ये बसून निघून गेले. हॉल रिकामा झाला. अर्ध्या तासानं मॅनेजर म्हणाला, गाडी मिळेल, हैदराबादच्या विमानात जागाही झाली आहे. अण्णांनी चिठ्ठीचा नंबर लावून बघत कपड्यांची बॅग परत घेतली. गाडी एकच होती. आम्ही तिघं, आणि सही न केलेला चौथा माणूस, तो.

पाच तासांचा रस्ता होता. तो ड्रायव्हरशेजारी पुढं बसला, आम्ही मागं. नायगाव मागं पडलं तसा तो ड्रायव्हरशी तेलुगूत बोलू लागला. आम्हाला एक अक्षर कळत नव्हतं. मधेच दोघं हसले. अण्णांनी पिशवी पुन्हा सदऱ्याच्या आत घातली. मी मोबाईलवर मिस्टरांना गाडीचा नंबर पाठवला, आणि तो माणूस कसा दिसतो तेही लिहिलं. गाडी एकदम मोठा रस्ता सोडून कच्च्या वाटेला वळली.

"गाडी थांबव!" अण्णा ओरडले. "कुठं नेऊन राहिला?"

ड्रायव्हर घाबरून थांबला. पुढं पुलाचं काम चालू होतं, बाजूनं काढलेली वाट होती. समोरून एसटी त्याच वाटेनं धुरळा उडवत आली.

देगलूरला चहासाठी उतरलो. तो माणूस माझ्याजवळ आला. "ताई, एकदा फाईल बघू द्या. चुकलं असेल तर अजून वेळ आहे."

"नको," मी म्हटलं. "सगळं बरोबर आहे."

माझा आवाज कडक लागला असावा. तो दोन पावलं मागं सरला. चहाचा कप खाली ठेवून म्हणाला, "बघत नाही. तुम्हीच बघा. फिटनेस सर्टिफिकेटवर फोटो आहे का? आणि डॉक्टरांचा शिक्का अर्धा फोटोवर, अर्धा कागदावर आहे का?"

लेकीनं अण्णांच्या गळ्यातली पिशवी तिथंच उघडली. सर्टिफिकेट होतं. फोटो होता. शिक्का खाली कोपऱ्यात होता, फोटोला लागलेलाच नव्हता.

"इथल्या सरकारी दवाखान्यात करून घ्या," तो म्हणाला. "दहा मिनिटांचं काम."

अण्णा माझ्या कानाशी आले. "वळखीचा डॉक्टर असंल त्याचा."

माझ्याही मनात तेच आलं होतं. पण लेकीनं मोबाईलवर कॉलेजच्या सूचना उघडल्या आणि एका ओळीवर बोट ठेवलं. "आई, लिहिलंय खरंच. माझंच बघायचं राहिलं."

दवाखान्यात गेलो. एक तरुण डॉक्टरीण होती. तिनं लेकीला तपासलं, नवीन सर्टिफिकेट लिहिलं, फोटो लावला आणि शिक्का हातात घेतला. अण्णांनी तिला थांबवलं आणि दारात उभ्या असलेल्या त्या माणसाकडे बोट दाखवून विचारलं, "बाई, ह्यायला तुमी वळखता का?"

ती गोंधळली. "नाही बाबा. कोण आहेत ते?"

अण्णांनी मान हलवली, आणि तिनं शिक्का मारला. तो माणूस हे सगळं ऐकत होता. त्याचा चेहरा उतरला. हैदराबाद येईपर्यंत तो आमच्याशी बोलला नाही, ड्रायव्हरशीही नाही. विमानतळावर उतरल्यावर लेकीला म्हणाला, "चांगली शीक," आणि आपली बॅग घेऊन दुसऱ्या दारानं गेला. त्याचं विमान वेगळं होतं की आम्हाला टाळून गेला, ते मला माहीत नाही. त्याचं नाव आम्ही कोणीच विचारलं नव्हतं.

दिल्लीला सकाळी साडेनऊला कॉलेजात पोचलो. आमच्या पुढं राजस्थानकडची एक मुलगी वडिलांसोबत उभी होती. खिडकीतल्या बाईंनी तिचे कागद उलटले आणि एक कागद बाहेर सरकवला. फोटोवर शिक्का नाही, करून आणा. ते बापलेक धावत बाहेर गेले. लेकीनं माझा दंड एवढा घट्ट धरला की वळ उठले.

आमचा नंबर आला. बाईंनी सांगितलं, मूळ कागदपत्रं इथंच जमा होतील, पाच वर्षांनी परत मिळतील. मी अण्णांकडे बघायचं टाळलं. मला वाटलं, आता इथं काहीतरी होणार. अण्णांनी सदऱ्याचं वरचं बटण सोडलं. मग त्यांनी गळ्यातून पिशवी काढली. पण ती खिडकीत दिली नाही, लेकीच्या हातात दिली. "तुझी हायेत," म्हणाले. "तूच दे." आणि लेक एकेक कागद देत होती तेव्हा ते भिंतीकडे तोंड करून उभे राहिले.

परत आम्ही दोघं रेल्वेनं आलो. वाटेत मी म्हटलं, "अण्णा, त्या माणसाला आपण चोर ठरवलं."

"एवढी मदत कोन करतं?" ते म्हणाले. थोड्या वेळानं म्हणाले, "काहीतरी असंल त्याचं."

मला ते पटलं नाही, आणि पटलंही. तो कोण होता, दिल्लीला त्याचं काय काम होतं, एवढे बारीक नियम त्याला तोंडपाठ कसे, याचा मी अजूनही कधी कधी विचार करते. माफी मागावी असं वाटतं, आणि त्याच वेळी आपण सावध राहिलो ते बरंच झालं, असंही वाटतं.

अण्णांनी मात्र महिन्याभरात हा प्रश्न त्यांच्यापुरता मिटवून टाकला. गल्लीत कोणी विचारलं की ते सगळं सांगायचे, विमान, फॉर्म, पूल, दवाखाना. त्यांच्या सांगण्यात तो माणूस देवासारखा आला होता, आणि अण्णांनी त्याला हॉलमध्ये बघताक्षणीच ओळखलं होतं की माणूस सच्चा आहे. मग माझ्याकडे हात करून म्हणायचे, "पन ही आमची पोरगी. लई संशयी."

मी चहा आणायला आत जायची.