श्रावणातली पालेभाजी

आईच्या हृदयात कृत्रिम झडप आहे, म्हणून ती रोज रक्त पातळ ठेवायची गोळी घेते. डॉक्टरांनी मला बजावलं होतं, पालेभाजी चालेल, पण रोज साधारण तेवढीच. एकदम वाढवली तर गोळीचा जोर कमी होतो आणि रक्ताची गुठळी होऊ शकते. मी शहाण्यासारखी मान डोलावली.

आई दिवाळे गावच्या कोळीवाड्यातली, मासळीवर वाढलेली. पालेभाजी दिसली की नाक मुरडणार. श्रावणात घरात मासे बंद झाले, तसा मी रोज पालक नाहीतर माठ आणायला लागलो. तिनं ताट सरकवलं की खेकसायचो. त्या महिन्याची रक्ततपासणीही मीच पुढे ढकलली, सणावारात कुठे हॉस्पिटल म्हणून.

श्रावण संपत आला असताना एका सकाळी चहा पिता पिता तिचं तोंड वाकडं झालं.

हॉस्पिटलात डॉक्टरांनी विचारलं, "खाण्यात काही बदल केला होता का?"

मी आईची चादर नीट करू लागलो. शेवटी आईच अडखळत बोलली, "मीच भाजी जास्त खाल्ली. पोरगा नको बोलत व्हता. मना लय आवडते."

डॉक्टरांनी माझ्याकडे पाहिलं. मी मान डोलावली.