देवाला काय देता?

"शाळेत धर्माचा विषय? नसती उठाठेव कशाला करता?" असं मला डोंबिवलीच्या शाळेतले एक ज्येष्ठ सर चहाचा कप पुढे सरकवत म्हणाले होते. नव्वदच्या दशकात मी तिथे इतिहास शिकवायला लागले होते. माझ्या एका बाईंनी आमच्यासोबत केलेला एक उद्योग मी माझ्या वर्गात करून बघत होते. सर भले माणूस, पण मला त्यांचा भयंकर राग आला. त्या उद्योगाने मला काय दिलं होतं, हे त्यांना ठाऊक नव्हतं.

त्या बाई मला दहा वर्षं आधी, ठाण्याच्या मराठी शाळेत नववीला इतिहासाला होत्या. कल्याणहून यायच्या. अंगाने पाप्याचं पितर, आवाज मात्र मैदानापलीकडे पोचणारा. फळ्यावर कोणी बारीक अक्षर काढलं की त्यांचं ठरलेलं वाक्य यायचं, "मोठं लिही, शेवटच्या बाकाला दिसलं पाहिजे." शेवटच्या बाकावर मी बसायचे. ती जागा मला कोणी दिली नव्हती. माझी आई बाजारात मासळी विकते हे कळल्यावर पुढच्या मुली नाकाला रुमाल लावायला लागल्या, तेव्हा मीच हळूहळू मागे सरकत गेले होते.

शनिवारी सकाळच्या शाळेचा शेवटचा तास बाईंनी जगातल्या धर्मांसाठी ठेवला होता. पुस्तकात धडा होताच, पण संस्थापक, ग्रंथ आणि तत्त्वं एवढंच पाठ करून कोणाचा धर्म कळत नाही, असं त्यांचं मत होतं. फळ्याच्या उजव्या बाजूला त्या रकाने आखायच्या. वर हिंदू, मुसलमान, बौद्ध, ख्रिस्ती, ज्यू. वर्गात यातली सगळी मुलं होती, ठाणं ते ठाणं. मग एकच प्रश्न विचारायच्या आणि प्रत्येकाने घरचं उत्तर द्यायचं. नियम दोन. हसायचं नाही, पण गप्पही बसायचं नाही. आणि दुसऱ्याच्या घराला जो प्रश्न विचारायचा, तो आधी आपल्या घराला विचारायचा.

हे तास मला फार आवडायचे. बौद्ध मुलगा म्हणाला, "आमच्याकडे देव नाही." वर्ग चक्रावला. पहिल्या बाकावरच्या हुशार मुलाने विचारलं, "मग संकटात हाक कोणाला मारता?" तो म्हणाला, "शेजाऱ्यांना." एकदा प्रश्न होता, उपास कोण करतं आणि त्या दिवशी स्वयंपाक कोण करतं? दुसऱ्या भागाला ज्या ज्या घरी उपास होता तिथून एकच उत्तर आलं: आई. बाईंनी त्या शब्दाखाली नुसती आडवी रेघ ओढली.

मग एका शनिवारी प्रश्न आला, "देवाला काय देता?"

माझ्या पुढच्या बाकावरचा मुसलमान मुलगा उठला आणि बकरी ईदबद्दल सांगायला लागला. बोकड घरी आणतात, कुर्बानी करतात, मटणाचे तीन वाटे करतात, एक गरिबांचा, एक नातेवाइकांचा, एक घरचा. तो मन लावून सांगत होता. पहिल्या बाकावरून हुशार मुलाचा हात वर झाला. "बाई, देवाला रक्त कशाला लागतं? हा जंगलीपणा नाही का?"

मला वाटलं बाई त्याला झापतील. त्या म्हणाल्या, "प्रश्न विचारायला बंदी नाही. पण आधी तुझं घर."

"आमच्याकडे असलं काही नसतं. हिंदूंमध्ये नसतंच. नारळ, फुलं आणि नैवेद्य."

"लिहू? सगळ्यांना मान्य?"

सगळा वर्ग "हो" म्हणाला. मी तोंड उघडलं नाही. धाकट्या भावाचा टायफॉईड उतरला म्हणून नुकताच आमच्या घरी देवीला बोकड दिला होता आणि अख्खा पाडा जेवला होता. त्या बोकडाला मी स्वतःच्या हाताने पाला घातला होता.

बाईंनी वर्गावरून नजर फिरवली. ती माझ्यावर जरा जास्त थांबली असं मला वाटलं. "हे आठवडाभर असंच राहील," त्या म्हणाल्या आणि खाली 'पुसू नये' असं लिहिलं. "कोणाला दुरुस्ती करायची असेल त्याने पुढच्या शनिवारी खडू घ्यावा."

तो आठवडा मला फार जड गेला. रोज समोर तेच. हिंदू: नारळ, फुलं, नैवेद्य. मुसलमान: बोकड. माझ्या पुढच्या बाकावरचा मुलगा कुठल्याच तासाला हात वर करेनासा झाला. खरं सांगितलं तर रुमाल पुन्हा बाहेर येतील, वर 'जंगली' हे नाव चिकटेल. नाही सांगितलं तर तो एकटा जंगली. शेवटी बाजारात आईच्या पाटीशेजारी बसून मी तिला सगळं सांगितलं.

आई कोलंबी सोलता सोलता म्हणाली, "मंग? आपला बोकर काय चोरीचा होता? आखा पारा जेवला ना? सांग तसा."

"पण त्याला मारायलाच हवा होता का गं?"

तिचा हात थांबला. "ता मना नाय ठाव," ती म्हणाली आणि पुन्हा सोलायला लागली.

शनिवारी मी शेवटच्या बाकापासून फळ्यापर्यंत गेले. हिंदूंच्या रकान्यात मी 'बोकड' लिहिलं. मागे खसखस पिकली. हुशार मुलगा म्हणाला, "बाई, हे खऱ्या हिंदूंमध्ये धरत नाहीत."

बाईंनी डस्टर घेतलं आणि वरची सगळी नावं पुसून टाकली. त्या जागी लिहिलं, 'याचं घर', 'हिचं घर', 'त्याचं घर'. मग माझ्याकडे वळून म्हणाल्या, "आता त्याचा प्रश्न तू विचारू शकतेस. तुला हक्क आहे. काय म्हणतं तुझं घर?"

मी म्हटलं, "मला रडू आलं होतं. मारायलाच हवा होता का, हे आईलाही माहीत नाही."

तेव्हा माझ्या पुढच्या बाकावरचा मुलगा आठवड्यात पहिल्यांदा बोलला. "मलापण येतं. अब्बा म्हणतात, रडू आलं नाही तर तू दिलंस काय?"

वर्गात कोणी हसलं नाही. बाई म्हणाल्या, "आणि बोकडाला कोणी विचारलं?" जंगलीपणाचा शब्द त्यानंतर वर्गात निघाला नाही. ज्या मुलाने तो काढला होता तो खाली बघून विचार करत होता, आणि तो खरंच हुशार होता.

खडू अजून माझ्याच हातात होता. कुठून धीर आला कोण जाणे, मी विचारलं, "बाई, तुमच्या घरी देवाला काय देतात?"

हा प्रश्न त्यांना कधी कोणी विचारला नव्हता. नियम त्यांचाच होता. त्यांनी चष्मा काढून पदराने पुसला.

"सोवळं देतात," त्या म्हणाल्या. "तुझी आई तहानलेली आमच्या दारात आली, तर माझ्या सासूबाई तिच्या ओंजळीत वरून पाणी ओततील. मी शेजारी उभी असेन आणि काही बोलणार नाही. तुमच्या बोकडाने गाव तरी जेवतं. आमच्या सोवळ्याने कोणाचं पोट भरत नाही. लिही."

एवढं धाडस मी आजवर दुसऱ्या कुठल्या शिक्षकात पाहिलं नाही. माझ्यात तर नाहीच. मला त्यांच्याबद्दल इतकं वाटलं की रकान्यात ते लिहवेना. मी कोपऱ्यात, मुंगीएवढ्या अक्षरात 'शिवाशिव' लिहिलं आणि वळून पाहिलं.

बाई समोर नव्हत्या. बाकांमधून चालत त्या थेट शेवटी गेल्या होत्या आणि खिडकीशी, माझ्या जागेवर बसल्या होत्या.

"इथून दिसत नाही गं," त्या म्हणाल्या. "पुस ते, आणि मोठं लिही."