गुरुवारचा शेवटचा तास

आमच्या हिंगोलीकडं बायांच्या अंगात यायचं, तेव्हा मी पदर तोंडात धरून हसायचे. घाबरट आहे मी, मान्य... पण भुताला नाही, माणसांना. म्हणून हे लिहिताना मलाच कसंतरी होतंय. शिक्षण सहावी. चुका पोटात घाला.

गेल्या पावसाळ्यात मी नवऱ्याचं घर सोडून पनवेलला आले. रोडपालीत एका काकूंकडे राहून स्वयंपाकपाणी बघते. त्यांचा मुलगा, मी दादा म्हणते त्यांना, आंदोलनाच्या केसमध्ये तीन वर्षं जेलमध्ये आहे. भेटीला जवळ पडावं म्हणून काकूंनी पुण्याचं घर बंद करून इथं भाड्यानं फ्लॅट घेतला. मला ठेवून घेताना त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. ते उपकार फिटायचे नाहीत.

दादा आतून कादंबरी लिहितात — पत्रांतून, थोडी थोडी. एका कैद्याची गोष्ट. मागच्या महिन्यात काकूंच्या डोळ्यांचं ऑपरेशन झालं, म्हणून जुनी पत्रं पहिल्यापासून वाचून दाखवायचं काम माझ्याकडे आलं. मी अडखळत वाचायचे. काकू म्हणायच्या, "तुझं पान संपेपर्यंत माझा मुलगा सुटून घरी येईल गं!"

त्यातच धाकट्या दिराचा फोन. "वहिनी, लई झालं आता. रविवारी गाडी घेऊन येतो, बॅग भरून ठेवा." मी "बरं" म्हणाले. मला तेवढंच म्हणता यायचं. बॅग भरली. काकूंना सांगायचं धाडस होईना.

शुक्रवारी दुपारी पुढचं पत्र काढलं. दोन वर्षांपूर्वीचं, वर जेलचा शिक्का. त्यात कैद्याला संध्याकाळी भिंतीतून एका बाईचा आवाज येतो, पत्र्याच्या डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा. ती शाळेचं वेळापत्रक म्हणत असते. सोमवार, पहिला तास मराठी, दुसरा गणित... मी वाचत गेले. "गुरुवार. शेवटचा तास — हापशावरून गुरुजींसाठी पाणी."

पुढं वाचवेना.

नवरा पिऊन यायचा तेव्हा मी धान्याच्या रिकाम्या कोठीत शिरून बसायचे. पत्र्याची कोठी, आत अंधार. तोंडातून किंकाळी निघू नये म्हणून सहावीचं वेळापत्रक पुटपुटायचे. गुरुवारी शेवटच्या तासाला गुरुजी आम्हा पोरींना पाणी आणायला पाठवायचे — हे कुठल्या वेळापत्रकात लिहिलेलं नसतं. मी ते आईलाही कधी सांगितलेलं नाही. आणि दोन वर्षांपूर्वी मी गावीच होते. त्या कोठीत.

"थांबलीस का गं?" काकूंनी विचारलं. मग मी रडत सगळं सांगितलं, रविवारचंही. त्यांनी माझा हात धरला. "पुढची ओळ वाच," एवढंच म्हणाल्या.

पुढं होतं — ही घाबरलेली आहे, तरी एकही तास चुकवत नाही.

मी स्वतःला आजवर नुसती लपणारी समजत होते.

शनिवारी भेटीचा दिवस. काकू परत आल्या त्या चप्पलसुद्धा न काढता बोलायला लागल्या. "विचारलं त्याला. म्हणाला, आई, ते रचलेलं नाही. चळवळ सोडतो असं लिहून द्यायचा कागद समोर होता, सही करणारच होतो. त्या संध्याकाळी पहिल्यांदा आवाज आला. ऐकत बसलो, सही राहिली ती राहिलीच."

"अन् मग?"

"गेल्या पावसाळ्यापर्यंत यायचा म्हणे. मग एकदम बंद. मलाच विचारत होता, ती बाहेर पडली, की तिचं काही बरंवाईट झालं? मी म्हटलं, रविवारनंतर सांगते."

रविवारी दीर बिल्डिंगच्या गेटवर आला. मी रिकाम्या हातानं खाली गेले.

"वहिनी, बॅग कुठंय?"

"मी येत नाही."

"मुंबईकडं येऊन लई शिकल्या जणू!"

"सहावीच झालीय," मी म्हणाले. "पण येत नाही."

वॉचमन बघत उभा होता. दिरानं दोन-तीन फोन लावले, माझ्याकडे न बघता गाडी वळवली आणि गेला. मी तिथंच पायरीवर बसले.

हिंगोलीहून इथं यायला रात्रभर ट्रॅव्हल्समध्ये बसावं लागतं. कोठीत पुटपुटलेलं, जे बाहेर नवऱ्यालाही ऐकू गेलं नाही, ते इतक्या लांबच्या भिंतीतून कसं निघालं? दादांना माहीत नाही. काकूंना नाही. मी तर कोण...

पुढच्या शनिवारी निघताना काकूंनी विचारलं, "काही निरोप?"

म्हटलं, "पडली म्हणावं. बाहेर."