मधल्या किमतीची सेडान आणि आईचा उजवा कान

रविवारी आईला घेऊन बारवी धरणाकडे गेले होते... आणि परत येताना गाडीचा असा एक गुण कळला, जो विकणाऱ्या शेठलाही माहीत नसावा.

सेडान घेतल्यापासून तुम्ही सगळे विचारताय, कशी आहे, घेऊ का. तर आधी ते सांगते. नाव नाही लिहीत, उगाच भांडणं नकोत. उल्हासनगरच्या एका सिंधी शेठकडून सेकंडहँड घेतली. "मॅडम, एकदम मख्खन गाडी है" म्हणाला होता... आणि हायवेला खरंच मख्खन आहे. सीट अशा की पुण्याला जाऊन आलं तरी कंबर बोलत नाही. एसी झकास. डिकीत अख्खा संसार मावेल.

आता दुखणं. पेट्रोल पाण्यासारखं पिते. लांब इतकी की बुवापाड्यात आमच्या चाळीच्या बोळात शिरत नाही, पिठाच्या गिरणीपाशी लावावी लागते. आणि बुटकी... अंबरनाथ ते बदलापूर एकेक स्पीडब्रेकर तिच्या पोटाला लागतो. मागे बसायचं तर छप्पर उतरतं असल्यामुळे डोकं आपटतं.

आईचं रविवारी तेच झालं. नेहमी ती मागे बसते, साहेबिणीसारखी. या वेळी दाराला कपाळ आपटलं तशी वैतागून पुढे येऊन बसली, माझ्या शेजारी.

आईबद्दल थोडं सांगायला हवं. तिची सगळी नोकरी पत्र्याचे डबे बनवायच्या कारखान्यात गेली, प्रेस मशीनच्या शेजारी. त्या धडधडीने डावा कान पार गेला, उजवा थोडा उरलाय. मशीन घेऊन दिलं कानाचं, पण ते शिट्टी मारतं म्हणून डब्यात पडून असतं. घरी आम्ही तिच्याशी ओरडूनच बोलतो... "जेवलीस का", "गोळी घे", "दार लाव". ओरडून एवढंच बोलता येतं.

चार वर्षांपूर्वी नवऱ्याचं घर सोडून मी नाशिकहून कायमची परत आले. बॅग घेऊन दारात उभी राहिले तर आईने चहा टाकला, माझी गादी घातली. का आलीस, काय झालं... एका शब्दाने विचारलं नाही. त्या दिवशी नाही, पुढेही कधी नाही. मला वाटायचं, तिला माझी लाज वाटत असेल. विहारात पौर्णिमेला बायका माझी चौकशी करायच्या, तेव्हाही ती मान खाली घालून फुलं लावत बसायची.

तर रविवारी. धरण बघून परत निघालो आणि खडी उखडलेल्या एका उतारावर खालून खर्रकन आवाज आला. खालचा ऑइलचा चेंबर फुटला असला तर संपलंच! बाजूला घेतली, उतरले, वाकून पाहिलं. ऑइल गळत नव्हतं, नुसता ओरखडा होता. आत येऊन बसले, धुळीमुळे काचा वर होत्या, इंजिन बंद.

"काय झालं गं?" आईने विचारलं.

"काही नाही, दगड घासला फक्त."

"बरं झालं."

चावी फिरवायला हात नेला आणि थांबले. मी ओरडले नव्हते... नेहमीच्या आवाजात, स्वतःशी बोलावं तशी बोलले होते. आणि तिला ऐकू आलं होतं! बाहेरचा काही आवाज आत येत नव्हता, आणि तिचा उजवा कान माझ्या बाजूला होता.

तिच्याही ते लक्षात आलं असावं. काचेवरून हात फिरवत म्हणाली, "उजे, मी आत्ता बोलतेय ते बाहेर जातंय का गं?"

"नाही आई."

मग ती म्हणाली, "मारायचा का तुला तो?"

"आत्ता का विचारतेस?" मी म्हटलं.

"तेव्हाच विचारायचं होतं. पण माझा आवाज मला कळत नाही ना. हळू बोलायला जाते तर चाळभर ऐकू जातं. तुझी गोष्ट माझ्याच तोंडून चार घरी गेली असती. म्हणून गप्प बसले."

चार वर्षं मी तिच्या गप्प बसण्याचा काय अर्थ लावला होता, आणि तो निघाला काय...

"मारलं नाही कधी," मी म्हणाले. "बोलायचा नाही. तो नाही, सासूबाई नाहीत. शेवटचं वर्ष तर त्या घरात माझ्याशी कुणीच बोललं नाही."

आईने पदर तोंडाला लावला. "आणि इथे आलीस तर मी पण नाही बोलले."

मी तिचा हात धरला. मग सांगितलं सगळं, पहिल्यापासून. ती मध्ये मध्ये "मग?" विचारत होती, लहानपणी शाळेतून आल्यावर विचारायची तशी. एक म्हातारबाबा गुरं घेऊन जाताना काचेतून डोकावले, दोघी रडताना बघून "गाडी बंद पडली काय पोरी?" म्हणून खुणेने विचारू लागले. आम्ही दोघी रडता रडता हसलो.

घरी आल्यावर पुन्हा तेच, "गोळी घे", "दार लाव". पण काल ऑफिसातून आले तर आई चप्पल घालून तयार. म्हणाली, चल, चिखलोलीपर्यंत चक्कर मारून येऊ. पुढचं दार उघडून बसली, काच वर केली, आणि म्हणाली, "परवा तुझं झालं. आता माझं ऐक."

आईकडेही सांगायचं काही साठलेलं असेल, हे माझ्या मनात कधी आलंच नव्हतं. कालपासून ऐकतेय... अजून तिच्या लग्नापर्यंतही पोचलेलो नाही आम्ही.