आधीचं सांगणारा

“बटन कंपनीनं देल्लं आहे, योगुभाऊ. माह्या घरून नाई आनलं मी.”

“कंपनी कोरियात बसते. इथं हिंगणघाटात मी बसतो.”

“मंग कंपनीले फोन करून सांगा, का हिंगणघाटात तुमचं बटन चालत नाई.”

मंजुषा खुर्चीवरून न उठता बोलत होती, आणि योगेंद्रला तेच जास्त झोंबत होतं. कॉम्प्युटर क्लासात शिकवणारी ही पोरगी त्याच्या नेट कॅफेतली सगळ्यात तरबेज खेळाडू. तिच्या शेजारी तिचा मामेभाऊ सचिन मान खाली घालून बसला होता. कापसाच्या जिनिंगमध्ये वजनकाट्यावर काम करणारा, बावीस वर्षांचा, हाताचा चपळ. त्याच्या पडद्यावर ते बटण लुकलुकत होतं: आधीची सात प्रकरणं वगळा, थेट किल्ल्यावर जा.

साल २००८. या ऑनलाइन गेममध्ये तोवर नियम असा होता, की नव्या माणसानं सात प्रकरणांची गोष्ट एकट्यानं पार करायची, मगच किल्ल्यावर इतरांबरोबर लढायचं. त्या आठवड्यात कंपनीनं नियम मोडीत काढला. इकडे रविवारी नागपूरच्या एका कॅफेच्या पाच जणांशी सामना ठरलेला, आणि हिंगणघाटचा पाचवा गडी नोकरीसाठी पुण्याला निघून गेलेला. उरला सचिन. तो अजून दुसऱ्याच प्रकरणात होता.

“रविवारी चार जनं खेळाचं का आमी?” मंजुषानं विचारलं.

“खेळा. हरा. पन अर्ध्यातून आलेला मानूस माह्या कॅफेत बसनार नाई. किल्ल्यावर कोनाले मारून राह्यलो, काऊन मारून राह्यलो, हे माहीत नसंन तर थे खेळनं नोहे. मच्छर मारनं झालं थे.”

“दिवसभर पोते मोजून येते थो. त्याले एक तास भेटते. त्यात बी तुमी सप्ता लावता. परसाद कधी वाटता, थे तरी सांगा.”

योगेंद्रचे कान तापले. आधीचं न कळणं म्हणजे काय, हे या पोरीला कोण सांगणार?

त्याचे वडील प्रभाकरराव यांचं बाजारात भांड्यांचं दुकान. नव्वदच्या दशकात शेवटचं गिऱ्हाईक उठेपर्यंत दुकान बंद व्हायचं नाही, आणि सिनेमाच्या सहाच्या खेळाला बापलेक पोचायचे तेव्हा पडद्यावरचा नायक मोठा होऊन गाणं म्हणत असायचा. त्याचा बाप कोणी मारला, भाऊ कुठल्या जत्रेत हरवला, योगेंद्रनं आयुष्यात पाहिलं नाही. शेजारच्याला विचारलं तर उत्तर ठरलेलं: “गप बस बे.” मग घरी जाताना तो सुरुवात स्वतःच जुळवायचा आणि दुसऱ्या दिवशी शाळेत अख्खा सिनेमा रंगवून सांगायचा. सगळे ऐकायचे. एकदा सिनेमा पाहिलेला एक पोरगा उठून म्हणाला, “असं काईच नाई त्याच्यात.” वर्ग हसला. त्या दिवसापासून योगेंद्रनं सिनेमे सांगणं सोडलं.

२००५ साली दुकानाच्या माडीवर त्यानं सहा कॉम्प्युटर मांडले, आणि या गेमनं त्याला पुन्हा बोलतं केलं. गोष्ट सारी इंग्रजीत, खेळणारे गिरणीतले आणि कॉलेजातले. पडद्यावरचं पात्र तोंड उघडायला लागलं की सहाही माऊस थांबायचे आणि योगेंद्र मागं उभा राहून वऱ्हाडीत सांगायचा. गोष्टीतला राजा गिरणीच्या मुकादमासारखा खेकसायचा. दुसऱ्या प्रकरणात पुलावर बसलेली म्हातारी धुरपता तर तो अशा आवाजात बोलायचा, की माणसं पंख्याचीसुद्धा घरघर विसरत. नायकाकडून सरपणाची मोळी घेते आणि त्याच्याकडे बघतच राहते ती धुरपता. पुरात काठावर सोडून दिलेला हाच आपला लेक, हे तिला दिसतं. त्याला ठाऊक नसतं.

“तुमाले मी एक इचारू का?” मंजुषा आता उठली. “आठ दिवस झाले, हा सचिन पुलावरच उभा आहे. समोर रस्ता मोकळा, तरी जात नाई. रोज जंगलातून मोळी आनते, त्या बाईले देते. काऊन देतं रे? सांग यायले.”

सचिन पुटपुटला, “थे लेक म्हनंन म्हनून.”

“लेक म्हनंन,” मंजुषा म्हणाली. “काल मी क्लासात बसून गेमचं इंग्रजी सारं वाचलं. थे बाई दोन वाक्यं बोलते, योगुभाऊ. मोळी द्या. पूल जुना आहे, सांभाळून जा. झालं. पूर नाई, लेक नाई. नाव बी नाई तिले.”

बाकीच्या चार खुर्च्या हळूहळू वळल्या.

“मंग धुरपता?” सचिननं विचारलं.

“धुरपता यायच्या डोक्यात.”

ते खरंच होतं. पहिल्यांदा कोणीतरी “भाऊ, थे बाई काय म्हनून राह्यली?” असं विचारलं, तेव्हा योगेंद्रला त्यातला अर्धा मजकूर कळला होता आणि उरलेला अर्धा फिका वाटला होता. पाच तोंडं त्याच्याकडे वळलेली होती. तो बोलत गेला. पुढच्या आठवड्यात त्याच्या पुढचं बोलावं लागलं. आता सात प्रकरणांत कंपनीचं किती आणि आपलं किती, हे त्यालाही धड सांगता आलं नसतं. एवढं मात्र कळत होतं, की ते बटण एकदा दाबलं गेलं की इथे कोणी मागं वळून त्याला काही विचारणार नाही.

“कंपनीच्या गोष्टीत जीव नोहता,” तो म्हणाला. “मी टाकला. तुमाले आयतं भेटलं म्हनून माज आला.”

“जीव टाकला, खरं आहे. मागच्या साली मी बी रडली त्या धुरपताच्या पायी, इथंच, सगळ्यायसमोर.” मंजुषाचा आवाज चढला नाही, उलट खाली आला. “म्हनूनच राग येऊन राह्यला. चांगली होती ना गोष्ट? मंग छाती ठोकून म्हनाचं होतं, माही आहे म्हनून. बसलो असतो आमी ऐकत. तीन वर्षं गेमचं नाव काऊन लावलं तिले?”

सचिनचा हात माऊसवर होता, पण तो पडद्याकडे पाहतच नव्हता. तो योगेंद्रच्या तोंडाकडे पाहत होता, आणि बाकीचे चौघंही.

योगेंद्रनं दारापाशी जाऊन चपला पायात सरकवल्या. डावी नीट बसली नाही, ती तशीच फरफटवत तो जिना उतरला. खाली प्रभाकररावांनी गल्ल्यावरून विचारलं, “काऊन रे, कुठं चालला?” तोवर तो बाजाराच्या गर्दीत शिरला होता.